इस्मद, सुरमा आणि शिसे

ईदच्या सकाळी गुसल आटोपले, नवे कपडे अंगावर चढले, अत्तराचा फाया कानात गेला की सुरमादाणी बाहेर निघते. कुठे पितळेची, कुठे चांदीची, नाहीतर अलीकडची काचेची कुपी आणि तिच्या झाकणालाच जोडलेली सलाई. ‘बिस्मिल्लाह’ म्हणून ती आधी उजव्या आणि मग डाव्या डोळ्यात फिरते. लग्नघरी नवरदेवाच्या डोळ्यांत सुरमा घालण्याचा मान भावजयीचा, आणि नेग पदरात पडल्याशिवाय ती सलाई खाली ठेवत नाही. हजहून परतलेली मंडळी जमजमचे पाणी, खजूर, तसबीह यांच्यासोबत सुरम्याच्या पुड्याही वाटतात. उरुसाच्या जत्रेत टोप्या आणि अत्तरांच्या शेजारी सुरमेवाल्याचे दुकान असतेच. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांतही तो जातो.

इतक्या सलगीची ही वस्तू. पण त्या कुपीत नेमके काय आहे आणि डोळ्यात गेल्यावर ते काय करते, हा प्रश्न आमच्यात फारसा विचारला जात नाही. साबण घेताना चरबी कशाची, अत्तर घेताना त्यात अल्कोहोल आहे काय, हे आम्ही दहादा विचारतो. सुरमा मात्र सुन्नत म्हणून चौकशीतून सुटतो. म्हणूनच त्याचा इतिहास जरा उलगडून पाहावा असे आम्हास वाटते.

सुरुवात हदीसपासूनच करू. तिर्मिजी, अबू दाऊद आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत आलेल्या रिवायतींचा आशय असा की, तुमच्या सुरम्यांमध्ये इस्मद हा सर्वांत चांगला. तो दृष्टी उजळ करतो आणि पापण्यांचे केस वाढवतो. या वाक्याकडे आपण भाविकतेने पाहतो, पण बारकाईने पाहत नाही. त्यात ‘कोणताही सुरमा घाला’ असे म्हटलेले नाही. अरबस्तानात तेव्हा डोळ्यांत घालण्याच्या पुडी अनेक प्रकारच्या होत्या. त्यांतून एकाची निवड केलेली आहे. द्रव्याद्रव्यांत तुलना करणे आणि कोणते द्रव्य काय करते हे सांगणे ही गोष्ट त्या हदीसच्या शब्दांतच आहे. आजच्या कुपीवर मात्र हदीस छापलेली असते आणि इस्मदचा पत्ता नसतो.

अरबीत डोळ्यांत घालण्याच्या पुडीला सरसकट ‘कुह्‌ल’ म्हणतात. या शब्दाचा प्रवास मोठा गमतीचा आहे. कुह्‌ल म्हणजे अतिशय बारीक, वस्त्रगाळ केलेली पूड. अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली तेव्हा ‘अल्-कुह्‌ल’ युरोपात गेला आणि कोणत्याही सूक्ष्म चूर्णाला, पुढे कोणत्याही पदार्थाच्या शुद्ध अर्काला लावला जाऊ लागला. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने तो दारूच्या अर्काला लावला, आणि पुढे तोच अर्थ पक्का झाला. म्हणजे अत्तरात नको म्हणून ज्याच्या नावाने आम्ही नाक मुरडतो, त्या अल्कोहोलचे नाव आमच्याच सुरमादाणीतून निघालेले आहे. नाव तेच राहते आणि आतली वस्तू बदलते, याचे याहून ठळक उदाहरण शोधून सापडायचे नाही. इस्मदच्या बाबतीत नेमके हेच घडले.

इस्मद म्हणजे अँटिमनी, असे आज कोशांत आढळते. अधिक नेमकेपणाने सांगायचे तर अँटिमनी आणि गंधक यांचे नैसर्गिक खनिज, स्टिबनाइट. अँटिमनीची रसायनशास्त्रातली खूण ‘एसबी’ अशी आहे. ती ‘स्टिबियम’ या लॅटिन नावावरून आली, आणि ते नाव ग्रीकांमार्फत प्राचीन मिसरी भाषेतील सुरम्याच्या शब्दापर्यंत मागे जाते. आता याच्या शेजारी दुसरा दगड ठेवा. तो म्हणजे गॅलेना, शिसे आणि गंधक यांचे खनिज. दोन्ही काळपट करडे, दोन्ही धातूसारखे चकाकणारे, दोन्ही इतके मऊ की खलात सहज कुटावेत. दगड अखंड असताना जाणत्याला फरक कळतो. स्टिबनाइटचे स्फटिक लांब, सुयांसारखे किंवा पात्यांसारखे असतात. गॅलेना फुटला की त्याचे चौकोनी ठोकळे पडतात. गॅलेना हाताला फार जड लागतो, पाण्याच्या साडेसात पट. स्टिबनाइट साडेचार पटींहून थोडा अधिक. स्टिबनाइटचा कपचा मेणबत्तीच्या ज्योतीतही वितळतो, गॅलेनाला हजार अंशांहून जास्त उष्णता लागते. परंतु एकदा का दोन्ही खलून, गुलाबपाण्यात घोटून, कापडातून गाळले, की सलाईवरच्या त्या काळ्या पुडीत डोळ्यांना काहीही वेगळे दिसत नाही. दोहोंची चमकही तीच. गॅलेनात वजनाने सुमारे 86 टक्के शिसे असते, एवढाच काय तो फरक!

चौदाव्या शतकात इब्न कय्यिम यांनी तिब्बे नबवीवरील आपल्या लेखनात इस्मदचे वर्णन केले आहे. हा काळा दगड इस्फहानहून येतो, तो उत्तम. जो चटकन फुटतो, ज्याचे तुकडे चमकतात आणि ज्याच्या आत माती नसते तो चांगला, असा त्याचा आशय. वर्णन नीट, व्यवहारी आणि गिऱ्हाइकाच्या उपयोगाचे आहे. पण चटकन फुटणे आणि तुकड्यांनी चमकणे या दोन्ही खुणा गॅलेनाला तर अधिकच लागू पडतात. त्या काळातील कसोटी डोळ्यांची आणि हाताची होती. दोन धातूंचे पृथक्करण करणारे रसायनशास्त्र जन्माला यायचे होते. त्यामुळे बाजारात जो काळा चमकदार दगड मिळेल तो इस्मद, असे होत गेले असले तर नवल नाही.

हा घोटाळा इस्लामपूर्व काळापासूनचा आहे. प्राचीन मिसरच्या थडग्यांतून सुरम्याच्या कुप्या मोठ्या संख्येने सापडल्या. फार दिवस असे मानले जाई की त्यांत अँटिमनी असणार. प्रत्यक्ष पृथक्करण झाले तेव्हा बहुतेकांत गॅलेना निघाला, अँटिमनी अगदी अपवादाने. पुढे 1999 साली फिलिप वॉल्टर आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील कुप्यांतली पूड तपासली. त्यांना गॅलेनाबरोबर शिशाची आणखी दोन संयुगे सापडली. ती निसर्गात इतकी दुर्मिळ आहेत की मिसरी लोकांनी ती मुद्दाम तयार केली असली पाहिजेत. मीठ, पाणी आणि शिशाचे चूर्ण यांची आठवडेच्या आठवडे चालणारी ती क्रिया होती. 2010 मध्ये याच मंडळींनी दाखवले की या संयुगांतून निघणारे अतिसूक्ष्म शिसे त्वचेच्या पेशींना नायट्रिक ऑक्साइड निर्माण करायला भाग पाडते, आणि त्यामुळे शरीराची रोगप्रतिकाराची यंत्रणा जागी होऊ शकते.

ही बातमी आली आणि ‘सुरम्याचे फायदे विज्ञानाने सिद्ध केले’ असा डांगोरा पिटला गेला. आम्हास हे हास्यास्पद वाटते. प्रयोग झाला तो मिसरी कारागिरांनी बनवलेल्या शिशाच्या क्षारावर, तोही प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि अत्यल्प मात्रेत. आमच्या कुपीत तो क्षार नाही, आणि मात्राही मोजलेली नाही. द्रव्य वेगळे असेल तर दाखला चालत नाही. हकिमाला हे सांगावे लागत नाही; तो सुंठीच्या ठिकाणी आले दिले तरी हिशेब बदलतो.

याच ठिकाणी आमच्या परंपरेतील एका दालनाची आठवण करावीशी वाटते, जे आम्ही स्वतःच विसरलो आहोत. नेत्रवैद्याला अरबीत ‘कह्हाल’ म्हणतात, म्हणजे शब्दशः सुरमा घालणारा. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक यांनी डोळ्यांवर दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. हुनैन ख्रिस्ती होते. त्यांचे पुस्तक पुढची काही शतके मुसलमान नेत्रवैद्यांचे पाठ्यपुस्तक राहिले, आणि त्यात कोणाला वावगे वाटले नाही. अकराव्या शतकाच्या आरंभी बगदादचेच अली इब्न ईसा अल्-कह्हाल यांनी ‘तजकिरतुल कह्हालीन’ लिहिली. डोळ्यांचे सुमारे 130 विकार त्यांनी वर्णिले आणि ग्रंथाच्या शेवटी शंभराहून अधिक औषधी द्रव्यांची अक्षरानुक्रमे यादी दिली: हे द्रव्य डोळ्यात गेले तर काय करते, ते द्रव्य काय करते. सुरमा म्हणजे नुसती काळी पूड नव्हे, अनेक द्रव्यांचा मेळ आहे, आणि प्रत्येक द्रव्याला जबाब द्यावा लागतो, ही त्यांची भूमिका होती.

जबाब घेणाराही होता. बाराव्या शतकात, सुलतान सलाहुद्दीनच्या काळात, शाम देशातील अश्-शैजरी यांनी मुहतसिबासाठी, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, एक मार्गदर्शिका लिहिली. तीत वजनमापे, दूध, भाकरी, मासळी यांच्याबरोबर कह्हालांवरही प्रकरण आहे. मुहतसिबाने कह्हालाची परीक्षा हुनैनच्या ग्रंथावरून घ्यावी. डोळ्याचे सात पडदे, तीन रस, विकार आणि औषधांचे मिश्रण त्याला ठाऊक असेल तरच धंद्याची परवानगी द्यावी. मग अश्-शैजरी रस्त्यावर फिरून सुरमा विकणाऱ्यांकडे वळतात, आणि त्यांची लेखणी तिखट होते. यांच्यातल्या बहुतेकांवर भरवसा ठेवू नये, लोकांनी आपले डोळे यांच्या हाती देऊ नयेत, असे ते बजावतात. कारणही सांगतात. हे लोक गव्हाचे सत्त्व आणि डिंक घेऊन डोळ्यात घालायच्या वड्या करतात आणि त्या रंगवतात: पिवळा रंग केशराचा, हिरवा हळद आणि निळीचा, काळा बाभळीच्या जातीच्या झाडाचा आणि तांबडा शिशापासून केलेल्या शेंदराचा.

आठशे वर्षांपूर्वीचा एक आलिम अधिकाऱ्याला शिकवतो आहे की रंग पाहून भुलू नका, आत काय आहे ते विचारा. आज आमच्या मोहल्ल्यात कोणी हाच प्रश्न विचारला तर त्याला ‘सुन्नतीवर शंका घेतोस काय?’ असे ऐकावे लागते. मुहतसिबाला असे कोणी विचारले नसते, उलट न विचारणाऱ्या मुहतसिबाची नोकरी गेली असती.

हिंदुस्थानात सुरमा आला तेव्हा इथे अंजनाची परंपरा जुनीच होती. चरकसंहितेत रोज घालावयाचे सौवीरांजन सांगितले आहे. रसशास्त्राच्या ग्रंथांत अंजनाचे पाच प्रकार आढळतात. पण सौवीरांजन म्हणजे स्टिबनाइट की गॅलेना, यावर वैद्यमंडळींतही मतभेद आहेत. शेजारच्या घरातही तोच घोटाळा! एकोणिसाव्या शतकात इंग्रज अंमलदारांनी इथल्या बाजारातील मालाच्या तपशीलवार नोंदी केल्या, तेव्हा सुरमा या नावाने प्रत्यक्षात गॅलेना विकला जातो हे त्यांनी लिहून ठेवले आहे. उत्तरेत बरेली सुरम्यासाठी नावारूपाला आली. मुंबईत मोहम्मद अली रोडच्या आसपास अत्तरांच्या दुकानांतून तो मिळू लागला. कोकणात, मराठवाड्यात, खानदेशात तो फेरीवाले आणि उरूस यांच्या वाटेने पोचला.

सोबत आख्यायिकाही आल्या. तूर पर्वतावर अल्लाहचे तेज प्रकट झाले आणि पर्वताचा चुरा झाला, तोच हा सुरमा, असे विक्रेता आजही सांगतो. कुरआनात सूरह अल्-आराफमध्ये पर्वत चूर झाल्याचा प्रसंग आहे. सुरम्याचा तिथे उल्लेख नाही. फार्सी आणि उर्दू शायरीत मात्र आणखी एक समजूत वारंवार येते: सुरमा खाल्ला की आवाज जातो. शायरांनी त्याचा उपयोग प्रेयसीच्या डोळ्यांपुढे मुके होण्यासाठी केला. ही पूड पोटात जाऊ नये, एवढे भान त्या समजुतीत होते असे म्हणता येईल.

आणि खरा धोका पोटातूनच आहे. 1968 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इंग्लंडमधील डॉक्टरांनी डोळ्यांच्या प्रसाधनातून शिशाची विषबाधा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. 1978 मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या अभ्यासात तेथील आशियाई कुटुंबांतील मुले तपासली होती. ज्यांच्या डोळ्यांत सुरमा घातला जाई त्यांच्या रक्तात शिसे स्पष्टपणे जास्त आढळले. ही मुले बहुधा आमच्यासारख्याच घरांतली, दूर देशी गेलेल्या आईबापांनी जपलेल्या रिवाजात वाढलेली.

यावर प्रतिवादही झाला आणि तो अगदीच पोकळ नव्हता. पाकिस्तानातील काही औषधनिर्माणशास्त्रज्ञांनी असे मांडले की गॅलेना पाण्यात विरघळत नाही, अश्रूंतही नाही, बुबुळाच्या पडद्यातून तो आत शिरत नाही. मग विषबाधा कशी? डोळ्यापुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण तान्हे मूल डोळे चोळते आणि तीच बोटे तोंडात घालते. शिवाय डोळ्याच्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते आणि अश्रू तिच्यातून घशात जातात. सुरमा घातल्यावर घशात कडवट चव येते ती याच वाटेने. पोटातल्या आम्लात मात्र हे शिसे विरघळते. मुलांचे आतडे मोठ्यांच्या तुलनेत चार ते पाच पट शिसे शोषून घेते. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. ते रक्त तयार होण्याच्या क्रियेत अडथळा आणते, वाढत्या मेंदूत शिरते, गर्भवतीकडून गर्भात पोचते. मूल एकाएकी आजारी पडत नाही. ते जरा फिकट दिसते, अभ्यासात मागे पडते, हट्टी होते, आणि घरचे म्हणतात की त्याचा स्वभावच तसा. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेत म्हणूनच असा सुरमा विकण्यास बंदी आहे.

मग आजच्या कुपीत काय असते? निरनिराळ्या देशांत तपासलेल्या नमुन्यांत काही ठिकाणी गॅलेना हाच मुख्य घटक निघाला, काहींत नुसती काजळी, काहींत जस्ताचे भस्म, अँटिमनी क्वचितच. त्यांत भर म्हणून कापूर किंवा पुदिन्याचे सत्त्व असते. ही दोन द्रव्ये गारव्याची जाणीव करून देणाऱ्या नसा चेतवतात, डोळ्यांतून पाणी काढतात आणि घालणाऱ्याला वाटते की डोळा धुऊन निघाला. प्रत्यक्षात डोळ्याला झोंबले म्हणून पाणी आले. मोती, ममीरा, कडुनिंब यांची नावे वेष्टनावर असतात, प्रमाण नसते. घरी दिव्यावर ताटली धरून केलेले काजळ यापेक्षा वेगळे: त्यात काजळी, म्हणजे कार्बन, आणि तूप किंवा एरंडेल. त्यात शिसे नसते, मात्र बोटाने घातल्यास जंतू जाण्याची भीती असते, म्हणून बाळाच्या डोळ्यांत तेही नको असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. पेन्सिलीतल्या काजळात मेण, तेल आणि लोहाची काळी भस्मे किंवा कार्बन असतो. तिन्ही काळे, तिघांचे काम वेगळे. आणि उरला खरा इस्मद, तर अँटिमनीसुद्धा निर्धोक नव्हे. रसायनशास्त्रात तो आर्सेनिकचा, म्हणजे सोमलाचा भाऊबंद आहे.

भारतात प्रसाधनांना रंग देण्यासाठी शिसे आणि आर्सेनिकची संयुगे वापरण्यास कायद्याने मनाई आहे. घटकद्रव्यांची यादी वेष्टनावर उतरत्या क्रमाने, म्हणजे जे सर्वांत जास्त ते पहिले, अशी छापावी असाही नियम आहे. पण त्याला एक पळवाट आहे. 60 मिलिलिटरपेक्षा कमी द्रव आणि 30 ग्रॅमपेक्षा कमी घन पदार्थाच्या वेष्टनावर ही यादी देण्याची सक्ती नाही. सुरम्याची कुपी पाचदहा ग्रॅमची! क्रीमच्या मोठ्या डबीवर वीस नावे वाचायला मिळतात, आणि थेट डोळ्यात जाणाऱ्या वस्तूवर हदीसखेरीज एक अक्षर नसते. शिवाय काही सुरमे प्रसाधन म्हणून नव्हे तर युनानी औषध म्हणून विकले जातात. त्यांचा परवाना वेगळा असतो. दुकानात गेल्यावर त्या परवान्याचा क्रमांक आणि निर्मात्याचा पत्ता कुपीवर आहे की नाही एवढे तरी पाहता येते. जत्रेतल्या सुट्या पुडीवर दोन्ही नसतात. अलीकडे ‘शिसेविरहित’ असे छापलेल्या कुप्याही दिसू लागल्या आहेत. त्यांतल्या काहींत खरोखरच कार्बन असेल, पण छापील शब्द आणि प्रयोगशाळेचा दाखला यांत अंतर आहे, आणि तो दाखला मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. मशिदीबाहेरच्या दुकानदाराला चार घरांनी मिळून तो मागितला, तर तो पुढच्या खेपेला घाऊक व्यापाऱ्याला तेच विचारील. तोवर लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्यापासून सुरमादाणी दूर ठेवावी, आणि ज्यांच्या डोळ्यांत ती आजवर नेमाने फिरली त्या मुलांच्या रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत ती होते.